शिकाऊ हात आणि गरिबाचा डोळा

मोतीबिंदू वाढला म्हणजे पंढरीस पोचूनही विठोबाचे मुख धुरकटच दिसते. आमच्या ओझरची म्हातारी माणसे मग आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची वाट धरतात. अशा ठिकाणचा नेत्रतज्ज्ञ शस्त्रक्रिया करतो तसा शिकवतोही. प्रश्न असा की, शिकाऊ हाताने शिकावे कोणाच्या डोळ्यावर?

सुश्रुताचार्यांनी हा प्रश्न टाळला नाही. आधी कोहळा, कलिंगड, काकडी यांवर छेदाचा सराव, मग माणूस, असे सूत्रस्थानात स्पष्ट आहे. आज बोकडाच्या डोळ्यावर हात बसवतात. पण शेवटी माणसाचा डोळा येतोच. आमच्या गावच्या विमान कारखान्यात बिघडलेला भाग भंगारात टाकता येतो. इथे तसे नाही.

त्या वेळी गुरू शेजारी बसतो. सूक्ष्मदर्शकाला दुसरी नळी असते, तीतून त्यालाही तेच दिसते. डोळा बधिर, पण बाबा जागे, कान उघडे! रागवायचे तेही हळू. बिनसू लागले की हत्यार गुरूने आपल्या हाती घ्यायचे.

शिकवूच नये म्हणावे, तर उद्याचा मोतीबिंदू कोण काढणार? पण पैसेवाला दुसरीकडे जातो आणि शिकण्याचा भार गरिबावर पडतो, हे आम्हास खुपते. हे त्याचे दान आहे. न विचारता घेतले तर ती चोरीच. "बाबा, हा डॉक्टर शिकतोय, मी शेजारी आहे, चालेल ना?" एवढे आधी विचारावे. बाबा नको म्हणाले, तर न रुसता स्वतः करावे.