न विचारलेली खात्री

पुष्कळदा असे बोलले जाते की, जो मनुष्य आपल्या समजुतीप्रमाणे सरळ मनाने वागला, त्यास दोष देता येत नाही. न्याय करताना हेतू पाहावा, हे खरेच आहे. परंतु समजूतच खोटी असून ती खरी आहे अशी त्याची पूर्ण खात्री असेल, आणि त्या खात्रीपायी इतरांचे प्राण गेले, तर काय म्हणावे? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. पंच, शिक्षक, उपदेशक, गाडीवान, ज्याच्या मागे चार माणसे चालतात त्या प्रत्येकाचा तो आहे. आम्ही तो विमानांच्या उदाहरणांवरून तपासू इच्छितो; कारण तेथे चूक मैलांनी मोजता येते.

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर बाजारास आलेला खेडूत क्वचितच वाट चुकतो. तो शहराचा जाणता असतो असे नाही. पण तो पैठण दरवाजापाशी एकास विचारतो, पुढे पानवाल्यास विचारतो, आणि दोघांचे उत्तर जुळले नाही तर तिसऱ्यास विचारतो. उलट आपल्याच शिवारात, पायाखालच्या वाटेवर, जाणत्या माणसास रात्री चकवा लागतो. लोक त्यास भुताटकी म्हणतात. आमच्या मते ते भूत बहुधा खात्रीचेच असते: ही वाट माझी रोजची, मी कोणास काय विचारू?

महासागरावर तर विचारावयास कोणी नसते. किनाऱ्यावरील रडारची दृष्टी काही शे किलोमीटरांपलीकडे पोहोचत नाही. म्हणून पुष्कळ वर्षे अशी रीत होती की, ठरलेल्या अक्षांश-रेखांशांवर आल्यावर वैमानिकाने बिनतारी यंत्राने तसे कळवावे व जमिनीवरील अधिकाऱ्याने ते मांडून ठेवावे. म्हणजे त्या अधिकाऱ्यास विमान असे तेथे दिसत नसे. वैमानिकास ते जेथे वाटे तेथे दिसे. उपग्रहांमुळे आता हे बरेच पालटले आहे. तरी यंत्रात आकडा घालणारा हात पुष्कळदा माणसाचाच असतो. अक्षांशाचा एक अंश चुकला तर १११ किलोमीटरांचा फरक पडतो. दिशा एका अंशाने चुकली तर साठ मैलांमागे एक मैल वाट सुटते; साठांत एक म्हणजे काहीच नव्हे असे वाटते, पण तीन हजार मैलांत त्याचे पन्नास होतात.

आपल्याच मुलखातील गोष्ट घ्या. १९६२ च्या जुलै महिन्याच्या ७ तारखेस, मध्यरात्रीच्या सुमारास, इटलीच्या अलितालिया कंपनीचे विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. पाऊसकाळाचे दिवस, खाली काळोख. मुंबई आता जवळ आली अशी चालकांची समजूत झाली व ते खाली उतरू लागले. मुंबई अद्याप सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील ९४ माणसांपैकी एकही वाचले नाही. आपण मुक्कामाच्या अधिक जवळ आहो असा चालकांचा भ्रम झाला, आणि आपले ठिकाण पडताळण्याची जी साधने हाताशी होती त्यांचा त्यांनी उपयोग केला नाही, असे चौकशीत ठरले.

दुसरी तऱ्हा याहून सौम्य, पण विचार करण्याजोगी. १९५३ साली एक इंग्रजी विमान आणि १९७२ साली एक जपानी विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या लहान धावपट्टीवर उतरले. चालकांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. धावपट्टी खरी होती, तिचे तोंडही जवळजवळ त्याच दिशेस होते. फक्त ती त्यांची नव्हती. अपेक्षा मनात घट्ट बसली की डोळेही तिचीच चाकरी करतात.

तिसरे उदाहरण १९८३ चे, कोरियाच्या विमानाचे. अलास्काहून सोलकडे जाताना, समुद्रावरील ठरलेल्या ठिकाणांमागे विमान नेणारी व्यवस्था जोडली गेली नाही. स्वयंचालक यंत्र एकच दिशा धरून राहिले. पाच तासांहून अधिक वेळ विमान थोडथोडे सरकत गेले व शेवटी ठरल्या वाटेपासून ५०० किलोमीटरांहून अधिक दूर जाऊन सोव्हिएत हद्दीत शिरल्यावर ते पाडण्यात आले. २६९ माणसे गेली. गोळी झाडणाऱ्यांचा दोष निराळा. तो येथे आम्ही तोलीत नाही. आम्हांस खटकते ते हे: त्याच कंपनीचे दुसरे विमान मागून त्याच वाटेने येत होते, आणि उभयतांनी वाऱ्याची माहिती एकमेकांस सांगितली. एकास वारा पाठीमागून, दुसऱ्यास समोरून! एकाच वाटेवर असे कसे, हा प्रश्न जिभेवर आला, आणि असेल तसे, म्हणून तेथेच राहिला.

कोणी म्हणेल, त्या क्षणी त्यांस खरेच तसे वाटत होते. वाटणे मनुष्याच्या हाती असते काय? नसते, हे आम्ही मान्य करितो. परंतु विचारणे हाती असते. दोष समजुतीचा नव्हे, तर समजूत आणि कृती यांच्यामध्ये जो प्रश्न विचारावयाचा राहिला त्याचा आहे. आणि एकट्या वाटसरूपेक्षा ज्याच्या पाठीमागे माणसे विश्वासाने निजली आहेत, त्याच्याकडून तो अधिक कडकपणे मागितला पाहिजे. महासागरावर उडणाऱ्यांस आता अशी शिस्त शिकवितात की, एकाने घातलेले आकडे दुसऱ्याने स्वतंत्रपणे वाचावे, व प्रत्येक ठिकाण ओलांडल्यावर दहाएक मिनिटांनी विमान खरोखर कोठे आहे ते नकाशावर मांडून पाहावे. यात पहिल्याचा अपमान झाला असे कोणी समजत नाही. गावच्या पेटीचा हिशेब दुसऱ्याने मोजला की आपल्याकडे तोंडे फिरतात, हे जाता जाता सांगणे भाग आहे.

तथापि मेलेल्यांवर दगड टाकण्याची घाई करू नये. १९७९ च्या २८ नोव्हेंबरास न्यूझीलंडचे विमान दक्षिण ध्रुवाच्या मुलखात एरेबस पर्वतावर आदळून २५७ माणसे गेली. चालक ठरल्यापेक्षा खाली उतरला म्हणून पहिल्या अहवालाने दोष त्याजवर ठेविला. पण त्याने आदल्या रात्रीच नकाशावर वाट आखून पाहिली होती. उड्डाणाच्या काही तास आधी कचेरीतील लोकांनी यंत्रातले आकडे दुरुस्त केले; दुरुस्ती करणाऱ्यांस ती योग्यच वाटली, आणि विमान चालविणाऱ्यांस ती कोणी सांगितली नाही. बर्फ व ढग एकरूप झालेल्या त्या पांढऱ्या उजेडात पर्वत समोर असून दिसला नाही. १९८१ साली न्यायमूर्ती पीटर माहन यांनी चालकांस दोषमुक्त करून तो भार कंपनीवर टाकिला. कंपनी त्या वेळी सरकारची होती. २०१९ साली, चाळीस वर्षे पुरी झाली त्या दिवशी, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सरकारच्या वतीने मृतांच्या कुटुंबांची जाहीर क्षमा मागितली.