मध्यस्थाचा धर्म

मध्यस्थाने नेमके कोणाचे हित पाहावे, हा धर्मशास्त्राचा प्रश्न मुंबईच्या गिरणगावात फार क्लेशदायक झाला होता. कारण तेथे कामगारभरती ज्याच्या हाती असे तो जॉबर मालकाचा पगार घेई आणि कोकणातून वा देशावरून पोटासाठी आलेल्या माणसाकडून दस्तुरीही उकळी. १९३१ साली भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने ही भरती मजूर-अधिकाऱ्याकडे सोपवावी, अशी शिफारस केली ती यामुळेच. आजच्या भरती-सल्लागाराचा मेहनताना मात्र बहुधा कंपनीच देते, तेव्हा त्याची निष्ठा प्रथम तिच्याशी असणार. आणि तसे त्याने उमेदवाराला मोकळेपणाने सांगितले, तर त्यात मला अधर्म दिसत नाही. उमेदवारानेही त्याला आपला कैवारी न मानता अनुभवाविषयी सत्यच सांगावे, अर्ज कोणाकडे जाणार हे आधी विचारावे. आणि नोकरीसाठी जो उमेदवाराकडेच पैसे मागेल, त्याच्या दारात क्षणभरही थांबू नये.