कंबर दुखते, झोप लागत नाही

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. आरोग्यसेविका म्हणून त्यांनी निवडल्या त्या गावातल्याच बायका. कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. डॉक्टरसमोर अवघडणारी बाई आपल्यासारख्याच बाईशी मोकळं बोलते, हे त्यांनी ओळखलं होतं.

हा मोकळेपणा लागतोच, कारण नवऱ्याचा मार खाणारी बाई 'मला मारतात' असं सहसा म्हणत नाही. ती म्हणते, कंबर दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडतं. दारात मोटारसायकल थांबली की तिच्या हातातलं लाटणं थबकतं. वळ मावळतात, हे दचकणं राहतं. वर 'माझंच काहीतरी चुकलं असेल' हा विचार मन पोखरत असतो. माहेरचे म्हणतात, सांभाळून घे. (सांभाळायचं नेहमी तिनंच!)

अशा बाईला गोळ्या द्याव्यात, पण आधी घरी काय चाललंय ते एकांतात विचारावं. सासू शेजारी बसलेली असताना नव्हे. आणि 'मग सोडून का देत नाहीस?' हा प्रश्न तर नकोच. पोरं, पैसा, जीवाची भीती, सगळं त्यात गुंतलेलं असतं.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार टोमणे, अपमान, धमक्या हीसुद्धा हिंसाच आहे. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, मन मोकळं करायला टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. दोन्ही क्रमांकांना पैसे पडत नाहीत.