नाव कुणाचं लागतं?

मुंबईतल्या लाँग वीकेंडचा बेत साधारण ठरलेला असतो. एका सकाळी गेटवेवरून लाँचने घारापुरी, दुसऱ्या दिवशी काळा घोडा आणि जहांगीर आर्ट गॅलरी, संध्याकाळी एखादी मैफल. तीन दिवसांत भरपूर कला पाहून-ऐकून होते. पण ती घडवणाऱ्याचं नाव माहीत करून घेणं ही आपली जबाबदारी आहे का? की कलाकृती भिडली म्हणजे पुरे?

घारापुरीची त्रिमूर्ती जवळपास वीस फूट उंच, साधारण सहाव्या शतकातली. ती कोणी कोरली ते माहीत नाही. तिथला एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला, पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. अशा ठिकाणी एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘जुने कारागीर निरहंकारी होते, नाव लावत नसत.’ ऐकायला छान वाटतं. पण कर्नाटकात पट्टदकलला आठव्या शतकातल्या विरूपाक्ष मंदिरात ते बांधणाऱ्या गुंड नावाच्या स्थपतीचा गौरव कोरलेला आहे. म्हणजे काही जणांची नावं लागत होती. बाकीच्यांनी स्वतःहून लावलं नाही, की त्यांना कोणी विचारलंच नाही? निरहंकार हा ज्याचा त्याने स्वीकारायचा गुण आहे. दुसऱ्याच्या वतीने आपण तो जाहीर केला, की आपलं विसरणं सोयीस्कररीत्या झाकलं जातं.

याला दुसरी बाजूही आहे. गॅलरीत आपण पुष्कळदा आधी पाटी वाचतो, मग चित्र बघतो. नाव मोठं असेल तर जरा जास्त थांबतो. तिथे नावच नजरेच्या आड येतं. काळा घोडा चौकाचंही तसंच. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा, शिल्पकार जोसेफ एडगर बोम. १९६५मध्ये तो हलवला, नंतर राणीच्या बागेत गेला. लोकांनी राजाही विसरला आणि शिल्पकारही, फक्त घोडा लक्षात ठेवला. २०१७मध्ये तिथे स्वाराशिवायचा नवा घोडा उभा राहिला. तो श्रीहरी भोसले यांनी घडवला, हे त्याच्यासोबत सेल्फी काढणाऱ्या किती जणांना माहीत असेल? आणि माहीत नसल्याने त्यांचं काय अडतं?

काहीच अडत नाही. आनंदाला नाव लागत नाही. श्रेयाला मात्र लागतं, आणि या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद गिटमध्ये राहते. ॲप वापरणाऱ्याला ती कधीच बघावी लागत नाही. तरी ती नोंद पुसणं अन्यायच ठरेल.

ख्यालगायकीत यावर सुंदर तोड आहे. अठराव्या शतकातल्या नियामत खाँनी ‘सदारंग’ हे नाव बंदिशीतच गुंफलं. आजही ती बंदिश गाणाऱ्याला ते उच्चारावं लागतं. पण त्याच मंचावर गायकाच्या मागे दोघं जण तानपुरे छेडत असतात. अख्खी मैफल त्या सुरावर उभी असते, आणि पोस्टरवर त्यांचं नाव बहुतेक वेळा नसतं.

घारापुरीच्या कारागिराला आता विचारता येणार नाही. तानपुऱ्यावरच्या मुलीला मध्यंतरात विचारता येतं. स्टोरीत गायकाला टॅग करताना तिचंही नाव लिहायला अर्धं मिनिट लागतं. जिथे विचारणं शक्य आहे, तिथे न विचारणं ही आपली निवड असते. तिला परंपरा म्हणू नये.