आरंभीचा पराभव

पराभव जुना झाला म्हणजे त्याचे वजन कमी होते काय? हंगामाच्या प्रारंभी पत्करलेली हार अखेरच्या निवाड्याच्या वेळी सोडून द्यावी, की कालच्या हारेइतकीच मोजावी? प्रश्न खेळाचा दिसतो. परंतु तो न्यायाचाही आहे.

भीमेच्या दोन तीरांवरील शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढतात. बाद पद्धतीत पहिलाच सामना हरलेला संघ त्याच सायंकाळी घरी परततो. त्याचा आरंभ हाच त्याचा अंत ठरतो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची रीत निराळी. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत प्रत्येक संघ सुमारे तीस सामने खेळतो. मग निवड समिती राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडून त्यांना मानांकन देते. वरचे मानांकन मिळाल्यास पहिल्या फेरीत तुलनेने दुबळा प्रतिस्पर्धी वाट्यास येतो. पुरुषांच्या स्पर्धेसाठी 2018-19 च्या हंगामात ‘नेट’ नावाची क्रमवारी आली. तिच्यातून सामन्यांची तारीख व क्रम हेतुपुरस्सर वगळण्यात आले. प्रतिस्पर्धी किती बलवान होता, सामना स्वगृही झाला की परगृही, हे मात्र पाहिले जाते. बलाढ्य संघाच्या घरी जाऊन झालेली हार क्षम्य ठरते. दुबळ्याकडून स्वगृही झालेली हार महाग पडते.

कोणी विचारील, नवख्या मुलांच्या नोव्हेंबरातील चुकांचे ओझे मार्चपर्यंत का वाहायचे? आक्षेप सहृदय आहे. परंतु एकाची हार हा दुसऱ्याचा विजय असतो. आमची हार पुसावी, तर ज्याने घाम गाळून आम्हांस हरविले त्याचे यशही पुसावे लागेल. परक्याच्या खर्चाने केलेली दया ही दया नव्हे.

मात्र हिशेब म्हणजे भवितव्य नव्हे. 1985 साली व्हिलानोव्हा या कॅथलिक विद्यापीठाचा संघ दहा पराभव घेऊन स्पर्धेत उतरला. आपल्या विभागात त्याला आठवे मानांकन होते. अंतिम सामन्यात समोर जेसुइटांच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचा गतविजेता संघ होता. त्याने त्याच हंगामात व्हिलानोव्हाला दोनदा हरविले होते. तरीही व्हिलानोव्हाने 66-64 असा विजय मिळविला. पराभवांमुळे मानांकन खालचे मिळाले, पण दार बंद झाले नाही.

आम्हांस वाटते, न्यायाची खूण हीच. हार लपवू नये, तशीच एका हारेवर वही मिटूही नये. शिरूर-दौंडच्या मुलांनाही, वेळ व मैदान असेल तेथे, बाद फेरीपूर्वी साखळी सामने लाभावेत. त्यांचे पराभव अवश्य मोजावेत. परंतु मोजण्याजोगे सामने तरी त्यांना खेळू द्यावेत.