न मारणे एवढीच भूतदया काय?

गळ्यात तुळशीची माळ पडली की वारकऱ्याचा मांसाहार सुटतो. आपल्या हातून जीव मारला जात नाही, हे समाधान खरे आहे. परंतु भूतदया तेवढ्याने पुरी होते काय? याचा विचार करायला लावणारा दृष्टान्त हिमालयात आहे.

आपल्यातील पुष्कळ भाविक केदारनाथ, बदरीनाथ, तुंगनाथ येथे यात्रेस जातात. त्या डोंगरांवर मोनाल नावाचा पक्षी राहतो. तो मोर आणि रानकोंबडा यांच्याच कुळातला. नराच्या डोक्यावर झळाळता हिरवा तुरा, मान तांबूस, पाठ निळी-जांभळी. मादी साधी, तपकिरी. चोचीने बर्फ नि माती उकरून कंद आणि किडे खावेत, एवढाच त्याचा संसार. उत्तराखंडाचा हा राज्यपक्षी. शेजारच्या हिमाचल प्रदेशात मात्र त्याचा तुरा टोपीत खोवणे मोठेपणाचे मानीत, आणि त्यासाठी नर मारले जात. १९८२ साली तेथे शिकारीवर बंदी आली.

ज्याने तुरा मिरवला, त्याने बहुधा स्वतः बंदूक धरली नव्हती. 'मी मारला नाही' असे तोही म्हणू शकत होता. पण त्याच्या हौसेपायीच दुसऱ्याचा हात उठला.

याच कुळातला दुसरा पक्षी जुजुराना. देवाने प्रत्येक पाखराचे एकेक पीस घेऊन तो घडवला, अशी डोंगरी लोकांची श्रद्धा. म्हणून तो पक्ष्यांचा राजा. शिकार थांबली तरी त्याचे संकट टळत नाही. वसंतात गुच्छी नावाची अळंबी आणि औषधी मुळ्या गोळा करायला माणसे रानात शिरतात, आणि तोच त्याच्या विणीचा काळ. माणसाच्या चाहुलीने मादी घरट्यावरून उठली, की अंडी उघडी पडतात. तेथे कोणी क्रूर नाही, तरी जीव जातो.

कुलूच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये १९९९ साली अशी वहिवाट बंद झाली. भरपाई मिळाली, तरी पिढ्यान्‌पिढ्यांचे रान गावकऱ्यांना सोडावे लागले. पाखरू राखण्याचा भार गरिबाने उचलला. मग यात्रेकरूने काय सोडले?

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चारधामची दारे उघडतात, तेव्हा मोनालाचीही वीण सुरू असते. त्याचे घरटे जमिनीवरच, झुडपाच्या किंवा खडकाच्या आडोशाला असते. आपण पायवाट सोडून उतारावर शिरू नये, प्लॅस्टिक टाकू नये, कोणी पिसे विकू लागला तर घेऊ नयेत. नाम मुखाने घ्यावे. त्याला कर्ण्याची गरज नाही.

वारीत मागची दिंडी आली की आपण बाजूला होतो, तिला वाट देतो. त्यात काही गमावले असे कोणा वारकऱ्याला वाटत नाही. डोंगरावरच्या त्या मुक्या जीवालाही तशीच वाट द्यावी. न मारणे ही भूतदयेची पहिली पायरी झाली. दुसऱ्या जीवाला जगायला जागा सोडणे ही तिच्या पुढची.

रामकृष्ण हरी.