तारण नव्हे, साक्ष

छोट्या धंद्यांच्या कर्जावर बोलायला कुणी उभे राहिले की हल्ली एक वाक्य हमखास येते: ‘डेटा हेच नवे तारण.’ टाळ्याही पडतात. मला मात्र या वाक्यात विचारापेक्षा घाई जास्त दिसते.

डिजिटल कर्ज म्हणजे नवी सावकारीच, असे म्हणणाऱ्यांनी बँकेत कधी हेलपाटे घातलेले नसावेत. त्यांना सोडून देऊ. यूपीआयच्या नोंदी, जीएसटीची विवरणपत्रे, २०२१ पासून खातेदाराच्या संमतीने त्याची आर्थिक माहिती बँकेला पोचवणारे अकाउंट अ‍ॅग्रिगेटर यांमुळे भाड्याच्या गाळ्यातला धंदाही बँकेला दिसू लागला, हे खरेच. पण दिसले म्हणून ते तारण झाले का?

तारण धंदा बुडाल्यावर कामी येते. सोने मोडता येते, जागा विकता येते. बंद पडलेल्या दुकानाच्या यूपीआय नोंदी कोण घेणार? त्या फक्त साक्ष देतात, तीही झालेल्या विक्रीची. गल्ल्यात आलेल्यातून हातात किती उरले, हे क्यूआर कोडला माहीत नसते. डेटा खरोखर तारण असता, तर २०२० मध्ये फेरीवाल्यांना पीएम स्वनिधी योजनेतल्या कर्जाचे पहिले १० हजार देताना सरकारला मागे हमी का उभी करावी लागली? ॲपवाल्या कंपन्यांकडून बँका बुडिताची हमी का घेतात, आणि २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला त्या हमीवर ५ टक्क्यांची मर्यादा का घालावी लागली? जिथे कुणाचीच हमी नसते, तिथे साक्षीतली उणीव चढ्या व्याजातून भरून निघते. त्याचा उल्लेख भाषणात नसतो.

साक्ष फुकाची, असे मी म्हणत नाही; ती अपुरी पडते, एवढेच. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कर्जबाजारी शेतकऱ्यांचा दंगा पेटला तेव्हा लोकांचा रोख सावकाराच्या कर्जरोख्यांवर होता. पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. कागद खोटा नसला तरी अपुरा असू शकतो, हे तेव्हाच्या सरकारलाही उमगले होते.

इचलकरंजीतला खर्चीवाला यंत्रमागधारक घ्या. सूत व्यापाऱ्याचे, माग याचे, विणाईची मजुरी मिळेल तेव्हा. व्यापाऱ्याने ती थकवली की याच्या खात्यात पैसे तुटक-तुटक येतात आणि संगणक यालाच अनियमित ठरवतो. चूक देणेकऱ्याची, साक्ष मात्र येणेकऱ्याच्या विरुद्ध.

म्हणून मला ट्रेड्सची, म्हणजे छोट्या उद्योगांची बिले वटवणाऱ्या ऑनलाइन मंचाची, व्यवस्था जास्त मोलाची वाटते. तिथे खरेदीदाराने मान्य केलेले बिलच बँक विकत घेते आणि मुदतीला पैसे खरेदीदाराकडून वसूल करते. ही निव्वळ साक्ष नाही, त्यामागे कुणाचे तरी देणे उभे आहे. २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली. पण सक्ती नोंदणीची. बिल मान्य करणे पुन्हा मोठ्यांच्याच मर्जीवर.

वास्तविक सूक्ष्म-लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात तोडगा पडून आहे: माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असे मानायचे. हाच नियम ट्रेड्सवरच्या बिलाला लावावा. सोळाव्या दिवशी बिल आपोआप मान्य. इचलकरंजीतला व्यापारी २५० कोटींच्या जाळ्यात सापडणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मर्यादा बरीच खाली आणावी लागेल, आणि विरोध कर्ज देणाऱ्यांकडून नव्हे, बिले थकवणाऱ्यांकडून होईल.